खालच्या फळीवरचा बहर

बाईंच्या अंगाला येणाऱ्या वासाबद्दल त्यांच्या लेकीचं मत फारसं चांगलं नव्हतं, आणि लेकीला अशा मतांचाच पगार मिळत असे.

लेक एका सेंटच्या कंपनीत होती. ऑफिसात तिच्या हाताखाली माणसं होती, डोक्यावर थोडे पांढरे केस होते, पण घरात ती अजून पिंटीच होती. नव्या सेंटची वर्णनं लिहिणं हे तिचं काम. बाटलीत काय घालायचं ते प्रयोगशाळा ठरवायची. ते लावल्यावर माणसाला आपण कोण असल्यासारखं वाटावं, ते पिंटी ठरवायची. आईच्या वाढदिवसाला ती केक घेऊन आली आणि केक कापून व्हायच्या आतच मूळ मुद्द्यावर आली.

"आई, आता तरी तो बहर सोड."

"का? त्यानं काय केलंय?"

"फ्रूटी-फ्लोरल आहे तो."

"हा काही आजार आहे का?"

"फळं आणि फुलं एकाच टोपलीत, असा प्रकार. एके काळी जो तो तेच लावायचा. टॉप नोटला पीच, हार्ट नोटला पांढरी फुलं, बेस नोटला पावडर. आता नाही कुणी लावत."

"सेंट आहे की हार्मोनियम?"

पिंटीने पर्समधून एक काळी, चौकोनी, हातात घेतल्यावर पायावर पडेल की काय अशी भीती वाटावी इतकी जड बाटली काढली. तिच्यावर नाव नव्हतं. नाव असणं हल्ली बाळबोध समजलं जातं.

"याला ओल्या दगडाचा, चामड्याचा आणि जुन्या ग्रंथालयाचा वास आहे," पिंटी देवासमोर बोलावं तशी हळू आवाजात म्हणाली.

"शाळेत सगळी वर्षं ग्रंथालय माझ्याकडेच होतं," बाई म्हणाल्या. "घरी आल्यावर आधी आंघोळ करायचे मी."

"बाबा, तुम्ही सांगा हिला. हा बरा की बहर?"

बाबांनी तोंड पुसलं, थोडा विचार केला. "केक चालेल," ते म्हणाले.

बाबांना सगळे चष्मेवाले म्हणत, कारण त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. त्यांनी अर्ध्या गावाच्या नाकावर चष्मा चढवला होता. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर चाचणीची जड चौकट ठेवायची, तिच्यात एकामागून एक भिंगं सरकवायची आणि विचारायचं, "हे बरं, की हे?" जन्मभर हेच विचारल्यामुळे ती सवय घरातही आली होती. पडदे, साबण, पाहुण्यांना घालवण्याचे बहाणे, सगळं ते दोन-दोन पुढे ठेवून विचारत. दुसऱ्याने निवडलं की म्हणत, "चालेल." ही त्यांची सर्वांत मोठी शाबासकी होती. स्वतः मात्र ते काही निवडत नसत.

आणि आता त्यांचेच डोळे गेले होते. पूर्ण नव्हे, कडा दिसत, मधलं दिसत नसे. समोर माणूस उभं राहिलं तर दोन कान दिसत आणि चेहऱ्याच्या जागी वाफ धरलेली काच. डॉक्टरांनी सांगितलं होतं की याला चष्म्याचा उपयोग नाही. आजारापेक्षा धंद्याचा हा अपमान त्यांना जास्त झोंबला होता.

पिंटी गेली, काळी बाटली राहिली. बाईंनी ती आरशासमोर बहरच्या शेजारी ठेवली. बहरची बाटली लहान, आतलं पाणी गुलाबी म्हणावं तर नारिंगी, वर कळीच्या आकाराचं प्लास्टिकचं टोपण. काळ्या बाटलीशेजारी ती एखाद्या मोठ्या साहेबाच्या केबिनमध्ये चुकून शिरलेल्या शाळकरी पोरीसारखी दिसत होती.

बाईंना पिंटीच्या बोलण्याचं वाईट वाटलं नव्हतं. लेकी बोलायच्याच. त्यांना खुपत होतं ते निराळंच, आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. बहरचा वास त्यांना स्वतःला कित्येक वर्षांत आला नव्हता. आपल्याच भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येईनाशी होते, तसं त्याचं झालं होतं. नोकरी लागली तेव्हापासून रोज सकाळी त्या टोपण काढत, मानेपाशी एकदा दाबत आणि कामाला लागत. मग हे सगळं चाललं होतं कुणासाठी? शाळा सुटून काळ लोटला. शेजारीण जन्माची सर्दीवाली. उरले चष्मेवाले, आणि संसार सुरू झाल्यापासून त्यांनी या विषयावर चांगला किंवा वाईट, एक शब्द काढलेला नव्हता.

तेव्हा बाईंनी शिक्षकाच्या स्वभावाला धरून परीक्षा घ्यायचं ठरवलं. परीक्षार्थीला न सांगता. उद्या ओला दगड लावायचा. त्यांना काही जाणवलं तर ठीक. नाही जाणवलं, तर आपण इतकी वर्षं भिंतीला सुगंध लावत होतो, एवढं मान्य करायचं आणि प्रकरण मिटवायचं.

सकाळी चष्मेवाले आंघोळीला गेल्यावर बाईंनी काळ्या बाटलीचं बटण दाबलं. खोलीत एकदम कुणीतरी विद्वान शिरल्यासारखं झालं.

"अगं ए," न्हाणीघरातून आवाज आला, "आज त्या काठीवाल्या मॅडम यायच्यात. दार नुसतं लोटून जा. मला कडी सापडत नाही पटकन."

डोळ्यांच्या इस्पितळाने त्यांना पांढरी काठी घेऊन चालायला शिकवण्यासाठी एक बाई पाठवायचं ठरवलं होतं. चष्मेवाल्यांचा काठीला विरोध होता. मॅडमना ते तसं तोंडावर सांगणार होते, असं ते आठवडाभर बाईंना सांगत होते.

"त्या यायच्या आत येते मी," बाई म्हणाल्या, खोलीतला विद्वान उडून जावा म्हणून खिडकी सताड उघडली आणि डोळ्यांचे थेंब आणायला बाहेर पडल्या.

मेडिकलच्या दुकानात गर्दी नव्हती. मालकाने थेंबांची बाटली काढली आणि न विचारता खाली वाकला. बहर तिथेच असे, सर्वांत खालच्या फळीवर, गरम पाण्याची पिशवी आणि पायाच्या भोवऱ्यांच्या पट्ट्या यांच्या मधोमध.

"आज नको," बाई म्हणाल्या. "सोडायचा विचार चाललाय."

मालक वाकल्या जागीच थांबला. "तुम्ही?"

"का? मला बंदी आहे का?"

"तसं नाही. पण हा सोडत नाही हो कुणी. मध्ये कंपनीनं बंद केला होता, आठवतं? मी म्हटलं, बरं झालं, फळी मोकळी होईल. तर लोक येऊन माझ्या अंगावर ओरडायला लागले. जसं काही मी त्यांच्या घरातलं माणूसच हाकलून दिलं. शेवटी कंपनीलाच झक मारत पुन्हा सुरू करावा लागला." तो कंबर धरत उभा राहिला. "जाहिरात नाही, काही नाही. एक ट्रकवाला येतो, हा एवढा दांडगा. बाटली मागतो, टोपण काढतो, हुंगतो, परत लावतो. 'आईचं,' म्हणतो. मग खोकल्याच्या गोळ्या घेऊन जातो."

"खोकला आहे त्याला?"

"कसला खोकला! दुकानात येऊन नुसता वास घेऊन जायचं, म्हणून ओशाळतो बिचारा." मालकाने नाक जरा आखडलं. "ते जाऊ द्या. हा वास तुमच्याकडूनच येतोय का? मला मघापासून वाटतंय, शेजारच्यानं नवीन फर्निचर आणलं."

बाई थेंब घेऊन निघाल्या. वाटेत त्यांच्या डोक्यात तो ट्रकवालाच घोळत होता. त्याची आई रोज लावत असेल तेव्हा हा पठ्ठ्या काही बोलला असेल का? नसेलच. तिला काय माहीत, आपण गेल्यावर लेक खोकल्याच्या गोळ्या घेत फिरेल! आपण गेल्यावर कुणाला कळून काय उपयोग, असं बाईंचं मत होतं. त्यांना ते आज, दुपारच्या जेवणाआधी कळायला हवं होतं.

दार लोटलेलंच होतं. चष्मेवाले खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, ओल्या केसांचा भांग पाडून. बाई काही न बोलता आत आल्या आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभ्या राहिल्या. परीक्षा सुरू झाली होती.

चष्मेवाल्यांनी नाक वर केलं. मग खुर्चीचे हात धरून ते चक्क उभे राहिले. बायको बाजारातून आली म्हणून उभे राहणाऱ्यांपैकी ते नव्हते.

"या मॅडम," ते म्हणाले. "घर सापडायला त्रास नाही ना झाला? बसा. आमची ही बाहेर गेलीय. एका अर्थी बरंच झालं. तिच्यासमोर मला नीट बोलता येत नाही."

एवढं ऐकल्यावर "अहो, मीच आहे" म्हणून टाकणारी बायको जगात कुठे असेलही, पण ती त्या खोलीत नव्हती. बाई खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि त्यांनी पिशवी मांडीवर घेतली.

"हं," त्या जमेल तितक्या परक्या आवाजात म्हणाल्या.

"तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो," चष्मेवाले पुन्हा खुर्चीत बसत म्हणाले. " बाहेर काठी लागेल, ते मान्य. घरात नको. घरात मला सगळं कळतं. म्हणजे ही कुठे आहे ते कळतं. तेवढं कळलं की बाकीचं घर आपोआप जागेवर येतं."

"हं?"

"ही एक सेंट लावते. बहर. तुमच्यासारखं भारी नव्हे हं ते. तुमचं..." चष्मेवाल्यांनी सभ्य शब्द शोधला. "तुमचं छान आहे. ग्रंथालयात बसल्यासारखं वाटतं."

पिंटी आपल्या कामात हुशार आहे, हे बाईंना त्या क्षणी पटलं.

"सकाळी लावला की आधी पीच येतं," चष्मेवाले सांगू लागले. दोन्ही हात त्यांनी हवेत असे धरले, जसं काही तिथे फळच होतं. "चांगलं पिकलेलं, रस मनगटापर्यंत ओघळेल असं. तेव्हा ही घाईत असते, सगळ्या खोल्यांत एकदम असते. दुपारी फळ जातं आणि फुलं उरतात. तेव्हा ही पेपर वाचून दाखवते, आणि एखादी बातमी पटली नाही तर मधली वाक्यं खाते. मला कळतं, मी बोलत नाही. संध्याकाळी फुलंही जातात. मग राहतं ते काय सांगू... पावडर संपल्यावर डब्यात राहते ना, तसली काहीतरी ऊब. ती लांबून येत नाही. अगदी शेजारी बसलं तरच. घड्याळ मला दिसत नाही आता, पण अडत नाही काही."

बाई पिशवीच्या बंदाला गाठ मारत होत्या आणि सोडत होत्या.

"मी चहाचं उकळतं पाणी ओततो ना, तेव्हा ही येऊन दारात उभी राहते. श्वास रोखून. तिला वाटतं मला पत्ता नाही. अहो, श्वास रोखता येतो. पीच कसं रोखणार?"

"मग?" बाईंच्या तोंडून निघून गेलं, पण इतकं बारीक की ते कुणाचंही असू शकलं असतं.

"मग काय! मी कळलंसं दाखवत नाही. सावकाश ओततो. तिलाही बरं वाटतं." चष्मेवाले जरा पुढे सरकून बसले. आठवडाभर तयार केलेलं काठीविरोधी भाषण कुठल्या कुठे गेलं होतं. "ती इथे असती तर एव्हाना तिनं तुम्हाला सांगितलंच असतं की आमची गाठ पडली ती माझ्या चुकीमुळे. डोळे तपासायला आली आणि मी चुकीच्या नंबरचा चष्मा दिला. डोकं धरून परत आली भांडायला. हे ती सगळ्यांना सांगते, पोस्टमनला सुद्धा सांगितलंय. खरं आहे ते. पण का चुकलो, ते तिला माहीत नाही."

बंदाची गाठ अर्धवटच राहिली.

"चौकटीत भिंग घालायला जवळ वाकावं लागतं. मी वाकलो आणि पीच आलं. 'हे बरं, की हे?' म्हणून मी विचारत राहिलो. ती बिचारी इमानदारीत सांगत होती. मी ऐकतच नव्हतो. त्या दिवशी ती काय म्हणाली, ते मला अजून माहीत नाही. शेवटी अंदाजाने एक नंबर लिहून टाकला."

"सांगितलं नाही... त्यांना?"

"कसं सांगणार? दुकानाच्या अब्रूचा प्रश्न होता. नंतर म्हटलं सांगू कधीतरी. आणि मग रोजचंच झालं. रोज असतं त्याच्याबद्दल काय बोलायचं?" ते खिडकीकडे वळले. "आज मात्र येत नाहीये. आंघोळ करून आलो तर घरात काहीच नाही. बाहेर गेलीय हे ठाऊक होतं, तरी दोन्ही खोल्यांत हिंडून आलो. दाराच्या चौकटीवर खांदा आपटला. रोज आपटत नाही, हं. हे लिहून घेऊ नका."

बाईंनी रुमाल काढला. त्यालाही ग्रंथालयाचाच वास येत होता, त्यामुळे त्यात तोंड खुपसून काही साधलं नाही. चष्मेवाल्यांच्या शर्टाच्या उजव्या खांद्यावर चौकटीच्या रंगाचा पांढरा ओरखडा उमटला होता. इतका वेळ तो त्यांना दिसलाच नव्हता. परीक्षेचा निकाल लागला होता. आता हळूच बाहेर जायचं, दार वाजवायचं आणि बायको म्हणून पुन्हा आत यायचं, असं त्यांनी ठरवलं. जमलंही असतं. पण चष्मेवाल्यांना रंग चढला होता.

"आणि हिच्या मनातलंही कळतं बरं का. त्या बाटलीचा आवाज येतो, फुस्स करून. एकदा दाबलं म्हणजे सगळं ठीक. दोनदा म्हणजे माझ्यावर चिडलीय. आणि हिची थोरली बहीण यायची असली की तीनदा."

"तीनदा कधी मारलंय मी?"

इतका वेळ स्वतःचं कौतुक गुपचूप गिळलेल्या बाईंना हा एक खोटा आरोप काही गिळता आला नाही.

चष्मेवाले जागच्या जागी थिजले. मग त्यांनी मान तिरकी करून, नजरेची जी कड उरली होती तिच्यातून समोर पाहिलं. बाईंच्या निळ्या पदराची एक कड दिसली असावी.

"अगं, तू?"

"मग कोण?"

"आणि मॅडम?"

"कसल्या मॅडम! मघापासून मीच बसलेय."

"पावलं तुझीच वाटली होती," चष्मेवाले म्हणाले, "पण नाक ऐकेना. काय लावलंयस हे?"

"ओला दगड. पिंटीचा."

"तरीच."

"आणि हे बरं आहे तुमचं! परक्या बाईपुढे एवढं बोलता, आणि मला इतक्या वर्षांत काय, तर चालेल!"

"परक्या माणसाला सांगणं सोपं असतं गं. डोळे तपासताना लोक मला काय काय सांगायचे, तू ऐकलं असतंस तर गावात राहिली नसतीस."

"चुकीचा नंबर! डोकं दुखून मरायची वेळ आली होती माझी. मला वाटलं, नवशिका असेल."

"नवशिका नव्हतो. चांगलं शिकलो होतो. वास घेऊन नंबर काढायला शिकवलं नव्हतं."

बाईंना हसू आलं, आणि हसता हसता ते भलतीकडेच जायला लागलं, म्हणून त्यांनी आवाज चढवला. "ताई आली की तीनदा, हे आधी मागे घ्या."

चष्मेवाल्यांनी विचार केला. "अडीच," ते म्हणाले.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. घडीची पांढरी काठी बगलेत धरून एक हसतमुख बाई उभ्या होत्या. या खऱ्या मॅडम होत्या, आणि त्यांच्या अंगाला कसलाच वास येत नव्हता.

"आत या," बाई म्हणाल्या. "हे तुम्हाला सगळं सांगतील. मघाशी एकदा तालीम झालीय."

मॅडमना काही उमगलं नाही, पण घरोघरी जाणाऱ्या माणसाला न उमगण्याची सवय असते. त्या बसल्या. बाई आत गेल्या आणि साबणाने मान घासली, हात घासले, पुन्हा घासले. मान सुटली, उजवा हात सुटला; डाव्या मनगटावरचं ग्रंथालय काही हलेना. शेवटी त्यांनी त्याचा नाद सोडला, काळी बाटली कपाटात पिंटीच्या जुन्या शाळेच्या दप्तराशेजारी ठेवली आणि कळीचं टोपण काढलं.

बाहेर मॅडम काठी उलगडून दाखवत होत्या. "एक मिनिट," चष्मेवाले त्यांना म्हणाले. "जरा थांबा."

त्यांनी आतल्या खोलीकडे कान केला. आतून आवाज आला. फुस्स. थोडा वेळ गेला. मग पुन्हा एकदा, जरा जोरात.

बाई बाहेर आल्या आणि मॅडमच्या देखत नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. आधी डावं मनगट पुढे केलं, मग उजवं.

"हे बरं, की हे?"

चष्मेवाले वाकले. गिऱ्हाइकाला घाई असली तरी आपण घाई करायची नाही, असं ते दुकानात म्हणत, तसे सावकाश वाकले. डावीकडे थोडं थांबले. उजवीकडे जास्त थांबले. या वेळी त्यांचं नीट लक्ष होतं.

"हे," ते म्हणाले, आणि उजवा हात धरला.

"चालेल ना?"

"चालेल नाही. हेच." हात न सोडताच त्यांनी भुवई वर केली. "पण आवाज दोनदा आला. अजून चिडलीयस?"

"नाही. दुसरा ताईच्या नावाचा," बाई म्हणाल्या, आणि त्यांनीही हात सोडवून घेतला नाही.